ग्लुटेनमुक्त आहार : कोणास औषध, कोणास नुसता खर्च

अम्गरा (कुवेत) :

गेल्या दहा-पंधरा वर्षांत ‘ग्लुटेनमुक्त’ हा शब्द युरोप-अमेरिकेतून निघून आपल्या घरांपर्यंत येऊन पोहोचला आहे. तो बिस्किटांच्या पुड्यांवर दिसतो, पिठाच्या पिशव्यांवर छापलेला असतो आणि डॉक्टरांपेक्षा शेजाऱ्यांच्याच तोंडून अधिक ऐकू येतो. पोट फुगते आहे, गहू सोडा. वजन उतरत नाही, गहू सोडा. सांधे दुखतात, थकवा येतो, तरीही गहू सोडा. एका धान्यावर इतके आरोप यापूर्वी क्वचितच झाले असतील.

सीलिअ‍ॅक नावाचा एक आतड्याचा रोग आहे. तो ज्यांना आहे त्यांनी गहू सोडलाच पाहिजे, याबद्दल कोणाचेच दुमत नाही. प्रश्न आहे तो बाकीच्यांचा. ज्यांना तो रोग नाही त्यांना गहू सोडून काही लाभ होतो काय? आमचे उत्तर प्रथमच सांगून टाकतो. बहुतेकांना होत नाही. काहींना बरे वाटते, परंतु त्याचे श्रेय बहुधा ग्लुटेन सोडण्याला नसते. आणि ज्यांना खरोखर रोग आहे त्यांचे मात्र तपासणीपूर्वीच गहू सोडण्याच्या या लाटेत नुकसान होण्याचा संभव आहे. हे असे का, ते पुढे पाहू.

हे टिपण आम्ही अम्गरा येथून लिहीत आहोत आणि त्याचा विषयाशी संबंध आहे. कुवेत शहराच्या पश्चिमेला, जहराच्या बाजूस असलेला हा औद्योगिक भाग गोदामे, कारखाने, लाकडाच्या व भंगाराच्या वखारी यांसाठी ओळखला जातो. येथे राबणारे हात भारत, बांगलादेश, पाकिस्तान, इजिप्त अशा देशांतले आहेत. या माणसांचे मुख्य अन्न म्हणजे भात आणि खुबूस. खुबूस म्हणजे गव्हाच्या पिठाची गोल, फुगलेली अरबी रोटी. सुपरमार्केटच्या झगमगाटात उभे राहून ग्लुटेनचा विचार केला तर तो आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. अम्गऱ्यात उभे राहून केला तर तो पोटाचा आणि खिशाचा प्रश्न होतो. आपले पूर्वजही रेशनाच्या अन्नावर राबणारे मजूर होते, तेव्हा ही दुसरी बाजू आपल्याला अपरिचित नाही.

ग्लुटेन म्हणजे काय?

ग्लुटेन समजण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची गरज नाही, आमच्या भगिनींना ते रोज हाताला लागते. कणीक मळून थोडा वेळ झाकून ठेवली की ती लवचिक होते, लाटताना ताणली जाते आणि पोळी तव्यावर फुगते. ज्वारी-बाजरीच्या पिठाचे तसे होत नाही. ते गरम पाण्यात मळून थापावे लागते, पोळीसारखे लाटू गेल्यास कडा चिरतात. हा फरक ज्यामुळे पडतो ते गव्हातील चिकट प्रथिन म्हणजे ग्लुटेन. कणकेचा गोळा वाहत्या पाण्याखाली धूत राहिलो तर पिठूळ पांढरे पाणी निघून जाते आणि हातात रबरासारखा चिवट गोळा उरतो. तो बहुतांशी ग्लुटेनच होय.

गव्हातील एकंदर प्रथिनांपैकी सुमारे चार पंचमांश हेच असते. जव आणि राय या धान्यांतही त्याच जातीची प्रथिने असतात. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरी यांत ती नसतात. म्हणजे कोकणातील नाचणीची भाकरी व पेज आणि देशावरची ज्वारीची भाकरी ही ‘ग्लुटेनमुक्त’ हा शब्द जन्मण्यापूर्वीपासून ग्लुटेनमुक्तच होती. कोणी तिला तसे म्हणत नव्हते आणि तिची किंमतही त्यामुळे वाढत नव्हती.

खरा रोग कोणता?

सीलिअ‍ॅक हा रोग काल्पनिक नाही, हे प्रथम नीट लक्षात घेतले पाहिजे. त्याचे आधुनिक वर्णन इंग्लंडमधील सॅम्युएल जी या डॉक्टरांनी १८८८ साली केले. मुले खंगत, पोट नगाऱ्यासारखे फुगे, जुलाब थांबत नसत. कारण मात्र कोणास कळत नव्हते. ते शोधले हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांनी. गव्हाविषयी त्यांना १९३० नंतरच्या काळातच संशय आला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन सत्तेखाली हॉलंडमध्ये अन्नाचे भयंकर दुर्भिक्ष पडले, पाव मिळेनासा झाला, आणि सारा देश उपाशी असताना ही आजारी मुले मात्र सुधारली. पाव परत आला तेव्हा ती पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिके यांनी आपला प्रबंध सादर केला आणि गव्हाचा दोष शास्त्राने मान्य केला.

या रोगात ग्लुटेन पोटात गेले की शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषून घेणारे आतड्याचे सूक्ष्म अंकुर झिजून जातात. पोषण अंगी लागत नाही. कोणास जुलाब होतात, कोणास काही केल्या न हटणारा रक्तक्षय होतो, एखाद्या मुलाची उंची खुंटते, एखाद्या स्त्रीची हाडे अकाली ठिसूळ होतात. पोटाची तक्रार मुळीच नसलेले रोगीही असतात. जन्मभर ग्लुटेन पूर्ण वर्ज्य करणे हाच त्यावरचा मान्य उपाय आहे आणि तो चांगला गुण देतो.

जगात सर्वसाधारणपणे शंभरांत एकाला हा रोग असतो असे मानले जाते, पण सर्व ठिकाणी प्रमाण सारखे नाही. पश्चिम सहाराच्या सहरावी मुलांमध्ये ते ५.६ टक्के आढळल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. हे लोक अल्जीरियाच्या वाळवंटात निर्वासित म्हणून राहतात आणि मदत म्हणून आलेल्या गव्हाच्या पिठावर त्यांचा मोठा भार असतो. भारतात दिल्लीच्या परिसरातील पाहणीत ९६ माणसांत एक रोगी सापडला. ती पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. त्यानंतर २०१६ साली भारताच्या तीन भागांची तुलना छापून आली. उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत अवघे ०.१० टक्का. या रोगाला अनुकूल असे आनुवंशिक गुण तिन्ही भागांत जवळजवळ सारख्याच प्रमाणात होते. गव्हाचे प्रमाण मात्र भिन्न होते. उत्तरेत माणशी रोजचा गहू सुमारे ४५५ ग्रॅम, तर दक्षिणेत सुमारे २५ ग्रॅम. रोगाचे बी अनेकांत असते, ते उगवायला गहू लागतो, आणि गहू असूनही बहुतेकांत ते उगवतच नाही. असे गुण असलेल्यांपैकी फार थोड्यांनाच हा रोग होतो.

यात मराठी माणसाची जागा कोठे? आपण पोळी आणि भाकरी-भात यांच्या सीमेवरचे लोक. जुन्या काळी कोकणात तांदूळ आणि नाचणी, देशावर ज्वारी आणि बाजरी, आणि गहू सणासुदीच्या पुरणपोळीसाठी. पुढे अमेरिकेचा पी. एल. ४८० कायद्याखालचा गहू आला, हरितक्रांती झाली, रेशनच्या दुकानांत गहू मिळू लागला आणि भाकरी मागे हटली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने भारतात गहू दोन रुपये किलोने दिला आणि २०२३ पासून तो फुकट झाला. ज्वारी पिकवणाऱ्या घरातही पोळी रोजची झाली. मॉरिशसमध्ये हाच प्रवास निराळ्या वाटेने झाला. गिरमिटाच्या करारात आपल्या पूर्वजांना शिधा मिळे तो तांदूळ, डाळ, तेल, मीठ यांचा. पुढे फ्रेंच धर्तीचा पाव सकाळचा झाला, फराटा आणि धालपुरी सर्व जातिधर्मांची झाली. पाव आणि पीठ लोकांना परवडावे म्हणून सरकारने वर्षानुवर्षे त्यावर पैसा खर्च केला. तेव्हा गहू आपल्याला परका नाही आणि फार जुनाही नाही. ‘वाडवडील गहूच खात’ असे म्हणून तो निर्दोष ठरत नाही, आणि ‘वाडवडील गहू खात नसत’ असे म्हणून तो विषही ठरत नाही. दोन्ही बाजूंना पुरावा हवा.

मधला वर्ग

आता वादाच्या मुळाशी येऊ. सीलिअ‍ॅकची तपासणी शुद्ध आली आहे, गव्हाची अ‍ॅलर्जीही नाही, तरीही पोळी किंवा पाव खाल्ल्यावर पोट फुगते, दुखते, डोके जड होते, असे सांगणारे पुष्कळ लोक आहेत. ते ढोंग करतात असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्यांचा त्रास खरा आहे. तो ग्लुटेनमुळेच होतो की काय, एवढाच प्रश्न आहे.

ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली अशा ३४ लोकांवर प्रयोग केला. कोणाच्या अन्नात ग्लुटेन आहे आणि कोणाच्या नाही, हे खाणाऱ्यांना ठाऊक नव्हते. ग्लुटेन मिळालेल्यांना त्रास अधिक झाला आणि त्याचा बराच गाजावाजा झाला. परंतु त्याच मंडळींनी २०१३ साली ३७ लोकांवर पुन्हा, अधिक काळजीपूर्वक प्रयोग केला. आधी सर्वांच्या आहारातून आतड्यात आंबून वायू धरणारी काही शर्करायुक्त द्रव्ये कमी केली आणि मग गुपचूप ग्लुटेन दिले. या वेळी ग्लुटेनचा असा खास परिणाम फार थोड्यांत, शंभरांत आठ जणांत, दिसला. स्वतःच्याच पहिल्या निष्कर्षाला अशी मुरड घालणारे संशोधक आम्हाला विश्वासार्ह वाटतात.

मग दोषी कोण? गव्हात ग्लुटेनखेरीज फ्रुक्टान नावाचे द्रव्य असते. ते लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन आंबते आणि वायू होतो. नॉर्वेमधील ओस्लो येथे स्वतःहून गहू सोडलेल्या ५९ लोकांना आळीपाळीने तीन प्रकारच्या वड्या खायला दिल्या. एकीत ग्लुटेन, दुसरीत फ्रुक्टान, तिसरीत दोन्ही नाहीत. २०१८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्वाधिक त्रास ग्लुटेनच्या वडीने झाला असे १३ जण निघाले, फ्रुक्टानच्या वडीने झाला असे २४, आणि ज्या वडीत काहीच नव्हते तिने झाला असे २२.

हे आकडे स्वयंपाकघरातून पाहण्यासारखे आहेत. फ्रुक्टान कांद्यात आणि लसणात भरपूर असते. म्हणजे एखाद्या गृहिणीने पोळी बंद केली, महागडे ग्लुटेनमुक्त पीठ आणले, आणि रश्श्याला दोन कांदे व लसणाची गड्डी घातली, तर पोट फुगायचे ते फुगणारच. याच्या उलट, पाव सोडल्यामुळे कोणाला खरोखर बरे वाटले, तर ते फ्रुक्टान कमी झाल्यामुळे असू शकेल, किंवा पावाबरोबर केक, बिस्किटे, तळलेले समोसे हेही सुटले म्हणून असेल. ग्लुटेनला त्याचे श्रेय देण्याचे कारण नाही.

त्या २२ जणांचे काय, ज्यांना रिकाम्या वडीनेच सर्वाधिक त्रास झाला? इंग्लंडमधील लीड्स आणि हॉलंडमधील मास्ट्रिख्ट येथे ८३ लोकांवर झालेला, २०२४ साली छापलेला प्रयोग यावर प्रकाश टाकतो. त्यात काहींना ‘या पावात ग्लुटेन आहे’ असे सांगून पाव दिला, काहींना ‘नाही’ असे सांगून दिला. प्रत्येक गटात कोणाला ते खरोखर होते, कोणाला नव्हते. ज्यांना ‘आहे’ असे सांगितले आणि खरोखर दिले त्यांना त्रास सर्वाधिक झाला. ‘नाही’ असे सांगून ते दिलेल्यांना तेवढा झाला नाही. मनातील धास्तीचा त्रासात मोठा वाटा असतो, एवढे यावरून दिसते. ‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण आतड्यालाही लागू पडते म्हणायची.

धडधाकट माणसाचे काय?

ज्यांना कसलीच तक्रार नाही, पण ‘ताकद वाढते’, ‘हृदय सुधारते’, ‘वजन उतरते’ असे ऐकून जे गहू सोडतात, त्यांची बाजू याहून दुबळी आहे. टेनिसपटू नोव्हाक जोकोविच यांनी ग्लुटेन सोडले आणि २०११ साली चार मोठ्या स्पर्धांपैकी तीन जिंकल्या. तेव्हापासून त्यांचे उदाहरण जगभर दिले जाते. त्याच वर्षी अमेरिकेत गव्हाला पोटाच्या घेराचे कारण ठरवणारे डॉ. विल्यम डेव्हिस यांचे पुस्तक निघाले आणि तडाखेबंद खपले. परंतु एका माणसाचा विजय म्हणजे पुरावा नव्हे. त्याच्या यशात कसरत आहे, शिस्त आहे, उपजत प्रतिभा आहे. ऑस्ट्रेलियात सीलिअ‍ॅक नसलेल्या १३ सायकलपटूंना सात दिवस ग्लुटेनसह आणि सात दिवस ग्लुटेनशिवाय आहार दिला. कोणता आहार केव्हा, हे त्यांना सांगितले नव्हते. २०१५ साली निष्कर्ष आला तो असा की वेगात, पोटाच्या तक्रारीत वा स्वास्थ्यात काहीही फरक नाही.

हृदयाबद्दल म्हणाल तर अमेरिकेत १९८६ पासून सुमारे २६ वर्षे १,१०,०१७ स्त्री-पुरुषांच्या आहाराची नोंद ठेवली गेली. हे सर्व आरोग्य-व्यवसायातील लोक होते. २०१७ साली निष्कर्ष छापला गेला की अधिक ग्लुटेन खाणाऱ्यांना हृदयविकार अधिक होतो असे दिसत नाही. उलट ग्लुटेनच्या भीतीने कोंड्यासकटची धान्ये सुटली तर नुकसान होईल, असा इशारा संशोधकांनी दिला. मधुमेहाविषयीही सुमारे दोन लाख लोकांच्या अशाच नोंदींवरून २०१८ साली दिसले की अधिक ग्लुटेन खाणाऱ्यांत मधुमेह अधिक नव्हता, थोडा कमीच होता. असल्या नोंदींवरून कार्यकारण सिद्ध होत नाही हे खरे, पण ‘गहू सोडा म्हणजे साखर उतरेल’ या प्रचाराला त्यांचा आधार मिळत नाही, हे निश्चित.

तोटे कोणते?

‘लाभ नसेना, तोटा तर नाही?’ असे कोणी विचारील. तोटा आहे, आणि तो तीन प्रकारचा आहे.

पहिला खिशाचा. कॅनडात २००८ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत ग्लुटेनमुक्त माल साध्या मालाहून सरासरी २४२ टक्क्यांनी महाग निघाला, म्हणजे जवळजवळ साडेतीन पट.

दुसरा पोषणाचा. दुकानी ग्लुटेनमुक्त पाव-बिस्किटे बहुधा तांदळाचे पीठ, बटाट्याचा वा टॅपिओकाचा स्टार्च, साखर आणि स्निग्धांश यांची असतात. अनेक देशांत गव्हाच्या पिठात लोह आणि फॉलिक अ‍ॅसिड मिसळलेले असते, या पिठांत ते बहुधा नसते. शिवाय गव्हाची जागा जर सारी तांदळानेच घेतली तर आणखी एक गोष्ट घडते. पाण्यात उभे राहणारे भाताचे पीक जमिनीतील आर्सेनिक अधिक ओढून घेते. अमेरिकेत ग्लुटेनमुक्त आहार घेणाऱ्यांच्या लघवीत आर्सेनिक इतरांच्या जवळजवळ दुप्पट आढळले, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यामुळे भात सोडण्याचे कारण नाही. तांदूळ धुऊन, भरपूर पाण्यात शिजवून पाणी काढून टाकण्याची जुनी रीत बरी आणि एकाच धान्यावर सर्व भार नको, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरा तोटा सर्वांत मोठा आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. सीलिअ‍ॅकची रक्ततपासणी शरीराने ग्लुटेनविरुद्ध निर्माण केलेली द्रव्ये शोधते. ग्लुटेन खाणे बंद केले की ती द्रव्ये हळूहळू नाहीशी होतात, आतडेही भरून येऊ लागते. मग तपासणी खोटेच ‘रोग नाही’ असे सांगते. म्हणून ब्रिटनमधील वैद्यकीय मार्गदर्शनात म्हटले आहे की तपासणीपूर्वी निदान सहा आठवडे, दिवसातून एकाहून अधिक जेवणांत ग्लुटेन खात राहावे. ज्या माणसाला खरोखर हा रोग आहे आणि ज्याने शेजाऱ्याच्या सल्ल्याने गहू सोडला, त्याचे निदान येथेच हुकते. त्याला थोडे बरे वाटते, तो सणाला पुरणपोळी खातो, लग्नात पुरी खातो, आणि आतडे आतल्या आत झिजत राहते. रोग्याला ‘थोडेसे चालेल’ हे मुळीच चालत नाही. ग्लुटेनमुक्त मालाची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम इतकी बारीक आहे, यावरूनच त्याची कल्पना येईल.

अशा रोग्याच्या घरी पोळी बंद करून भागत नाही. रवा, मैदा, शेवया, सातूचे पीठ हे सारे वर्ज्य. डबीतल्या बांधणी हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, म्हणजे फोडणीतूनही ग्लुटेन जाते. थालीपिठाच्या भाजणीत पुष्कळ घरी गहू असतो. सोया सॉसमध्ये गहू असतो आणि आपल्या बेटावरच्या तळलेल्या मिनमध्ये तर दोन्ही, शेवयाही आणि सॉसही. ज्या गिरणीत आधी गहू दळला तिच्यातच ज्वारी दळली तर तेही पीठ निरुपयोगी. धालपुरी चालत नाही, आणि चण्याच्या डाळीच्या गातो-पिमांत गहू नसला तरी पिठात बुडवलेल्या भज्यांच्या कढईत ते तळलेले नाहीत ना, हे विचारावे लागते. ज्या मुलाला जन्मभर इतके सांभाळायचे आहे त्याच्यासमोर आपण हौसेने ‘मीसुद्धा ग्लुटेन सोडले आहे, कधी कधी खाते’ असे म्हटले, तर दुकानदार, आचारी आणि नातेवाईक या सर्वांची समजूत अशी होते की हे एक खूळ आहे. फॅशनची खरी किंमत तो मुलगा देतो.

कामकऱ्याची भाकर आणि आपले बेट

आता पुन्हा अम्गऱ्याकडे वळू. कुवेतचा उन्हाळा जगातील अत्यंत कडक उन्हाळ्यांपैकी आहे. जून ते ऑगस्ट या महिन्यांत सकाळी ११ ते दुपारी ४ उघड्यावर काम करून घेण्यास सरकारची बंदी असते. अशा ठिकाणी अंगमेहनत करणाऱ्याला स्वस्त, हमखास मिळणारे आणि पोटाला आधार देणारे अन्न लागते. देशाला लागणारा गहू बाहेरूनच येतो. कुवेतची पीठगिरणी व बेकरी कंपनी १९६१ साली स्थापन झाली आणि सरकारी मदतीने येथील रोटी स्वस्त राखली गेली आहे. खुबुसात पिष्टाबरोबर प्रथिनेही असतात. त्याबरोबर वरण वा उसळ घेतली तर जेवण पुरे होते. या माणसाला कोणी ‘गहू वाईट, ग्लुटेनमुक्त घे’ असे सांगितले तर त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात. एकतर नुसत्या भातावर राहायचे, नाहीतर घरी पाठवायच्या पैशातून महाग पाव घ्यायचा. सीलिअ‍ॅक नसताना यातले काहीही त्याने करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र ज्या कामगाराला महिनोन्महिने जुलाब आहेत, वजन घटते आहे, रक्त कमी आहे, त्याची ‘पाणी बदलले’ म्हणून बोळवण होऊ नये. त्याची रक्ततपासणी व्हावी, आणि ती खुबूस खात असतानाच व्हावी.

मॉरिशसच्या बाबतीत तर आम्हाला याहून मोठी चिंता वाटते. आपल्या बेटाचा खरा शत्रू वेगळा आहे. २०२१ च्या सरकारी आरोग्य-पाहणीत प्रौढांपैकी सुमारे पाचांतील एकाला मधुमेह आढळला. हे संकट ग्लुटेनने आणलेले नाही. त्यामागे पांढऱ्या मैद्याचा पाव, गोड पेये, तळण, बैठे काम आणि आपला आनुवंशिक कल हे सारे आहे. मधुमेही माणसाने साध्या पावाऐवजी ग्लुटेनमुक्त पांढरा पाव घेतला तर त्याच्या रक्तातील साखरेला त्याचे काही सोयरसुतक नसते. तिला स्टार्च तेवढा कळतो.

आहारातील बदलाने राष्ट्राची प्रकृती सुधारते, याचे उत्तम उदाहरण आपल्याच घरी आहे. रेशनच्या तेलात तेव्हा पामतेलाचा भरणा होता. १९८७ नंतर सरकारच्या धोरणाने त्याची जागा सोयाबीनच्या तेलाने घेतली. १९९२ साली पुन्हा रक्त तपासले तेव्हा लोकांच्या कोलेस्टेरॉलची सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी उतरलेली दिसली, आणि त्यातला मोठा वाटा तेलाच्या बदलाचा होता. तो बदल कोणा खेळाडूच्या यशावरून केलेला नव्हता. आधी दुखणे मोजले, मग कारण शोधले, मग उपाय केला आणि पुन्हा मोजले. ग्लुटेनच्या प्रचारात नेमकी ही मोजणी गाळलेली असते.

काय करावे?

तेव्हा आमच्या वाचकांना आमचे सांगणे थोडक्यात असे. दीर्घकाळ पोटाची तक्रार असेल, कारण न सापडणारा रक्तक्षय असेल, मुलाची वाढ खुंटली असेल, त्याला बालपणीच मधुमेह झाला असेल, किंवा घरात कोणाला सीलिअ‍ॅक असेल, तर डॉक्टरांना त्या तपासणीबद्दल मुद्दाम विचारा. तपासणी होईपर्यंत गहू सोडू नका. रोग निघाला तर गहू पूर्णपणे सोडा आणि घरातील सर्वांनी त्या माणसाला साथ द्या. रोग नसेल, पण पावाने खरोखर त्रास होत असेल, तर आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने काही आठवडे गहू, कांदा, लसूण कमी करून पाहा. मग एक एक पदार्थ परत आणा आणि कशाने काय होते ते वहीत लिहून ठेवा. अपराधी सापडेल, आणि तो बहुधा ग्लुटेन नसेल.

आणि ज्यांना काहीच होत नाही त्यांनी पोळी सुखाने खावी, फक्त ती मैद्याची नसावी, कोंड्यासकट कणकेची असावी. आठवड्यातून दोन-तीनदा नाचणीची वा ज्वारीची भाकरी अवश्य करावी. २०२३ हे वर्ष भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले, त्यामुळे ही पिठे परदेशांतही पूर्वीपेक्षा अधिक ओळखीची झाली आहेत. भाकरी खायची ती नाचणीत शंभर ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते म्हणून, ज्वारीत तंतू असतात म्हणून, आणि घरातील मुलांना आजीच्या हाताची चव कळावी म्हणून. तिच्यात ग्लुटेन नाही, ही गोष्ट ज्याला रोग आहे त्याच्यासाठी अमोल आहे. बाकीच्यांनी त्यासाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही.